डिस्क नवी, विंडोज तुमचीच

लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली की पहिला धसका आतल्या फोटोंचा आणि कागदपत्रांचा असतो, आणि तो रास्तच आहे. दुसरा धसका खर्चाचा. दुकानात नव्या डिस्कचा भाव सांगून झाला की हमखास पुढचं वाक्य येतं, ‘विंडोजचे वेगळे पडतील.’ मग कुणी ते वेगळे पैसे देतं, तर कुणी ते वाचवायला क्रॅक केलेली विंडोज टाकून घेतं. बहुतेक घरांत या दोन्हींची गरज नसते. विंडोजसकट विकत घेतलेल्या लॅपटॉपचा परवाना त्या मेलेल्या डिस्कवर कधी नव्हताच. तो जागेवर आहे, आणि नव्या डिस्कवर तो चालू करून घेणं हा तुमचा हक्क आहे. घरच्या घरी हे कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी परवाना नेमका कुठे असतो ते पाहू. २०१२ साली विंडोज ८ आली, तेव्हापासून मोठ्या कंपन्या प्रत्येक लॅपटॉपची २५ अक्षरांची प्रॉडक्ट की मदरबोर्डवरच्या बायोसच्या चिपमध्ये लिहून ठेवतात. त्याआधी, विंडोज ७ च्या काळात, ती लॅपटॉपच्या पोटावर स्टिकरवर छापलेली असे आणि वर्षा-दोन वर्षांत घासून पुसट होई. आज स्टिकर दिसत नाही म्हणून की नाही, असं समजू नका. २०१५ साली विंडोज १० बरोबर दुसरी सोय आली, ती डिजिटल लायसन्सची. यंत्रातल्या भागांवरून, त्यातही मुख्यतः मदरबोर्डवरून, यंत्राची एक ओळख तयार होते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. डिस्क किंवा रॅम बदलली तरी ही ओळख मोडत नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र यंत्र नवं धरलं जातं, आणि लॅपटॉपबरोबर आलेला परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही. वेगळा, खोक्यातला किंवा मायक्रोसॉफ्टकडून थेट घेतलेला रिटेल परवाना असेल तर तो नेता येतो.

ज्यांनी जुन्या विंडोज ७ वरून फुकटात विंडोज १० घेतली होती, त्यांच्या यंत्राचीही नोंद सर्व्हरवर आहे आणि ती आजही चालते. पण ती संधी कधीच न घेतलेल्यांनी आता विंडोज ७ ची की टाकून विंडोज ११ चालू होईल अशी आशा धरू नये. तो मार्ग मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर यातलं काहीच स्वतः करू नका. त्याचा परवाना संस्थेच्या नावावर असतो, म्हणून लॅपटॉप त्यांच्याच आयटी विभागाकडे द्या.

जुनी डिस्क अजून जिवंत असेल तर

डिस्क सहसा एका दिवसात मरत नाही. आधी टिकटिक आवाज येतो, फाइल उघडायला वेळ लागतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते. हे दिवस फार मोलाचे असतात. अशा वेळी दुरुस्तीची सॉफ्टवेअरं चालवून तिला दमवू नका. आधी आपला ऐवज बाहेर काढा. सगळ्यात महत्त्वाचं जे असेल ते सगळ्यात आधी, मग बाकीचं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे सगळे घेतात. विसरतात ते डाउनलोड्स, ब्राउझरमधले पासवर्ड आणि फॉन्ट.

फॉन्टबद्दल मला थोडं जास्त सांगायचं आहे, कारण मराठी घरांत आणि कार्यालयांत खरं नुकसान इथे होतं. युनिकोडच्या आधीच्या काळात पत्रं, ठराव, लग्नपत्रिका, कवितासंग्रह हे सगळं श्री-लिपीच्या किंवा सी-डॅकच्या ‘सुरेख’सारख्या फॉन्टमध्ये टंकलेलं आहे. नव्या डिस्कवर तो फॉन्ट नसेल, तर ती फाइल उघडताच रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग दिसतो आणि माणूस फाइल खराब झाली असं समजून ती पुसून टाकतो. फाइल खराब झालेली नसते. म्हणून विंडोजच्या फोल्डरातला फॉन्ट्स हा फोल्डर आवर्जून उतरवून घ्या. श्री-लिपी किंवा तसलं सॉफ्टवेअर यूएसबी डाँगलवर चालत असेल, तर ते डाँगल आणि त्याची सीडी कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. टॅली वापरत असाल तर जुनी डिस्क चालते आहे तोवरच आतून लायसन्स सरेंडर करा, म्हणजे नव्या डिस्कवर ते विनातक्रार चालू होईल.

आता विंडोजची चार कामं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अॅक्टिव्हेशन उघडा. विंडोज १० मध्ये हे पान अपडेट अँड सिक्युरिटीखाली आहे. तिथे आवृत्तीचं नाव दिसेल, ते शब्दन् शब्द वहीत लिहून घ्या. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपवर बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ असते. ‘होम’ नव्हे आणि ‘प्रो’ तर नव्हेच. हे एवढंसं नाव पुढे सगळा निकाल ठरवतं. दुसरं काम, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेलं नसेल तर करा, म्हणजे डिजिटल लायसन्स त्या खात्याला जोडलं जाईल आणि पुढे काही अडलं तर तुमच्या हातात पुरावा राहील. तिसरं, त्याच खात्याच्या पानावर जाऊन बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. नंतर जुनी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की ही की मागितली जाते, आणि ती नसेल तर डेटा तिथेच संपतो. चौथं, लॅपटॉपचा सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग लिहून घ्या. ड्रायव्हर शोधताना तो लागतो.

डिस्क आधीच पूर्ण गेली असेल तर यातलं बरंचसं करता येणार नाही. तरी परवाना सुरक्षितच आहे, पुढे वाचा.

कोणती विंडोज टाकायची

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून यंत्र चालवू शकत असेल तर विंडोज ११ टाका. विंडोज १० चा परवाना तिलाही लागू पडतो, वेगळा घ्यावा लागत नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.०, सिक्युअर बूट चालवणारं यूईएफआय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असेल तर हे सगळं असतं. त्याआधीच्या यंत्रावर विंडोज १० टाकून मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवता येतं. घरगुती ग्राहकांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. अपात्र यंत्रावर खटपटी करून ११ बसवण्याच्या युक्त्या सर्रास सांगितल्या जातात. मी त्या सुचवणार नाही, कारण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

पेन ड्राइव्ह आणि डिस्क

किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा रिकामाच घ्या. दुसऱ्या एखाद्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि त्याच्याकडून पेन ड्राइव्ह तयार करून घ्या. हे फुकट आहे. विंडोज उतरवायला पैसे पडत नाहीत, पैसे परवान्याचे असतात आणि ते तुम्ही लॅपटॉप घेतानाच भरलेले आहेत. कुणा ओळखीच्याने दिलेली, आधीच ‘अॅक्टिव्हेट केलेली’ फाइल वापरू नका. तिच्यात आणखी काय भरलं आहे ते बाहेरून कळत नाही.

भाषा निवडताना इंग्लिशच ठेवा. सिंगल लँग्वेज आवृत्तीत पडद्यावरची भाषा नंतर बदलता येत नाही. मराठी लिहायला त्याचा काही अडसर नाही, ते शेवटी सांगतो.

डिस्क घेताना एसएसडीच घ्या. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी बसते, नव्यांना एम.२. एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे असतात, म्हणून लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पाहूनच घ्या. बसवताना चार्जर काढा, झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची जोडणी सोडवा. काही लॅपटॉपचे दोन स्क्रू तळाच्या रबरी पायांखाली दडलेले असतात, ते न काढता झाकण ओढलं की प्लास्टिक तुटतं. एम.२ डिस्क तिरपी सरकवून हलकेच खाली दाबायची आणि स्क्रू लावायचा. हे काम हाताला जमणारं वाटत नसेल तर डिस्क दुकानातून बसवून घ्या, पण विंडोज घरी टाका. लॅपटॉपमध्ये दुसरीही डिस्क असेल तर ती तात्पुरती काढून ठेवा. नाहीतर विंडोज एका डिस्कवर आणि तिच्या बूट फाइल दुसऱ्या डिस्कवर, असा गुंता होऊ शकतो.

विंडोज टाकणं

पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करा आणि लगेच बूट मेन्यूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, आसूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ १२, पण तो मेन्यू आधी बायोसमध्ये चालू करावा लागू शकतो. यादीत पेन ड्राइव्हचं नाव ‘यूईएफआय’ या अक्षरांसह दिसेल, तेच निवडा. बायोसमध्ये गेलाच आहात तर तारीख आणि वेळ पाहून घ्या. जुन्या डेस्कटॉपमधला सीआर २०३२ सेल संपला असेल तर घड्याळ मागे जातं, आणि तारीख चुकीची असेल तर पुढे परवाना चालू होताना नकार मिळतो.

आता सेटअप सुरू होईल. बायोसमध्ये की असेल तर तो काहीही न विचारता तुमची आवृत्ती स्वतःच निवडेल. की मागितलीच तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ वर टिचकी मारा. त्यानंतर आवृत्त्यांची यादी येईल. इथे वहीतलं नाव काढा आणि नेमकी तीच आवृत्ती निवडा. मोठी म्हणून ‘प्रो’ निवडायचा मोह होतो, तो आवरा. ‘होम सिंगल लँग्वेज’चा परवाना ‘प्रो’ला चालत नाही.

पुढच्या पडद्यावर नवी डिस्क दिसायला हवी. ५१२ जीबीची डिस्क इथे ४७६ जीबी दिसते. कंपनी १००० च्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या, म्हणून हा फरक. तुमची फसवणूक झालेली नाही. त्या रिकाम्या जागेवर टिचकी मारून सरळ पुढे जा. विंडोज तिला लागणारे छोटे भाग आपले आपण पाडते. सी, डी, ई असे भाग पाडायची आपल्याकडे जुनी सवय आहे. २५६ जीबीच्या डिस्कवर तसं केलं की सी भरून जाते आणि डी रिकामी राहते. आणि डीवर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, कारण डिस्क जाते तेव्हा दोन्ही एकदमच जातात.

डिस्क दिसलीच नाही तर? अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर हे पुष्कळदा होतं आणि लोक नवी डिस्क परत करायला निघतात. डिस्क बहुधा चांगली असते. या लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय डिस्क आणि विंडोज यांच्यामध्ये बसलेली असते, आणि सेटअपकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलच्या पानावरून ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’चा ड्रायव्हर उतरवा, तो उघडून मोकळ्या फाइलींचा फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’मधून तो फोल्डर दाखवा. क्षणात डिस्क उभी राहते. टचपॅडही इथे कधी कधी चालत नाही, म्हणून यूएसबीचा साधा माउस जवळ असू द्या.

फाइली उतरल्या की यंत्र स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होईल. त्याच क्षणी पेन ड्राइव्ह काढून घ्या, नाहीतर काही यंत्रांवर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

देश, कीबोर्ड हे प्रश्न झाले की इंटरनेट मागितलं जातं आणि इथे पुष्कळांचं अडतं, कारण वायफायचा ड्रायव्हरच अजून आलेला नसतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं की जुन्या विंडोजवर होतं तेच द्या. नवं काढू नका.

परवाना चालू झाला का?

बहुतेक वेळा या टप्प्यावर तुम्हाला काही करावंच लागत नाही. इंटरनेट मिळालं की विंडोज बायोसमधली की वाचते, सर्व्हरवरची नोंद तपासते आणि आपली आपण चालू होते. सेटिंग्ज, सिस्टिम, अॅक्टिव्हेशन या पानावर ‘अॅक्टिव्ह’ दिसलं आणि खाली डिजिटल लायसन्सचा उल्लेख आला की झालं.

नाही झालं, तर घाईने की विकत घ्यायला जाऊ नका. आधी पाहा, आवृत्ती वहीतल्या नावाशी जुळते का. जुळत नसेल तर कारण तेच आहे. जुळत असेल, तर त्याच पानावर ट्रबलशूट दाबा, ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रीसेंटली’ निवडा, खात्याने लॉगिन करा आणि यादीतून आपला लॅपटॉप दाखवा. खात्याला लायसन्स आधी जोडून ठेवायचं ते याचसाठी. त्रुटीच्या संदेशाचे शेवटचे आकडेही बरंच सांगतात. एफ २११ म्हणजे यंत्राचे भाग बदललेले दिसतात, तेव्हा वरचाच उपाय करा. एफ २१३ म्हणजे या यंत्रासाठी कीच सापडली नाही. हे बहुधा आवृत्ती चुकली किंवा मदरबोर्ड बदलला की येतं. सी ००८ म्हणजे ही की आधीच दुसऱ्या यंत्रावर वापरली आहे. स्वस्तात घेतलेल्या कीवर हाच संदेश येण्याची शक्यता असते. लॅपटॉप पैसे भरून ‘प्रो’ केला होता आणि सेटअपने बायोसमधली की वाचून ‘होम सिंगल लँग्वेज’ टाकली असेल, तर तीही घाबरण्यासारखी गोष्ट नाही. ‘चेंज प्रॉडक्ट की’मध्ये आपली प्रोची की भरा.

आता दुकानातून विंडोज टाकून आणलेल्यांसाठी. हेच पान उघडा. ‘युअर ऑर्गनायझेशन्स अॅक्टिव्हेशन सर्व्हिस’ असं काही लिहिलेलं दिसलं, आणि लॅपटॉप तर तुमच्या घरचा आहे, कुठल्या संस्थेचा नाही, तर तो परवाना खोटा आहे. मोठ्या संस्थांसाठी केएमएस नावाची व्यवस्था असते. त्यात संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून १८० दिवसांच्या मुदतीचा परवाना मिळतो आणि तो वेळोवेळी ताजा होत राहतो. क्रॅक करणारं सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपातच असा खोटा सर्व्हर उभा करतं. ते चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या यंत्रावर तुम्ही बँकेचा व्यवहार करता, त्याचा पहारा काढून एका अनोळखी प्रोग्रामला सर्वाधिकार देणं, असा त्याचा अर्थ होतो. अशा सॉफ्टवेअरच्या नावाखाली पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पसरवले गेल्याची उदाहरणं आहेत.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. अशा पुष्कळ लॅपटॉपांच्या बायोसमध्ये ‘होम सिंगल लँग्वेज’चा अस्सल, पैसे भरलेला परवाना तसाच पडून असतो. दुकानातल्या मुलाकडे सवयीची ‘प्रो’ची फाइल असते, ती चालू होत नाही म्हणून क्रॅक मारला जातो, आणि मालकाला आपल्याकडे खरा परवाना होता हे कधी कळतच नाही. याला एकच खात्रीचा इलाज आहे. फाइली काढून घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे योग्य आवृत्ती नव्याने टाका. नुसता क्रॅक काढून टाकून भागत नाही.

उरलेली कामं

विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवा, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या ऑप्शनल अपडेट्समध्ये ड्रायव्हर असतील ते घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण उरला असेल तर सिरियल नंबर देऊन कंपनीच्या साइटवरून तेवढाच ड्रायव्हर उतरवा. ड्रायव्हर शोधून देणारी फुकट सॉफ्टवेअरं टाळा.

लॅपटॉपबरोबर ऑफिस आलं होतं का, ते आठवा. ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्ती पहिल्यांदा चालू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं होतं, त्या खात्याला ती कायमची जोडलेली असते. त्याच खात्याच्या पानावरून ती पुन्हा उतरवता येते.

मराठीसाठी सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे मराठी ही भाषा जोडा. इन्स्क्रिप्ट येत नसेल तर भाषेच्या पर्यायांतून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड घ्या. रोमन अक्षरांत लिहिलं की तो देवनागरी देतो. विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबून भाषा बदलते. इंग्लिशसाठी ‘इंग्लिश इंडिया’ कीबोर्ड ठेवला तर उजवीकडचं ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्हही मिळतं. मग जतन केलेले फॉन्ट निवडून, उजवी टिचकी देऊन इन्स्टॉल करा आणि एखादी जुनी मराठी फाइल उघडून पाहा.

शेवटी सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर ते आपोआप चालू करतात. चालू असेल तर नव्या डिस्कची ४८ आकडी की आजच उतरवून घ्या, कारण जुनी की हिला लागू नाही. जुनी डिस्क अजून वाचता येत असेल तर महिनाभर तशीच ठेवा. काही राहून गेलं असेल तर ते याच काळात आठवतं. नंतर ती पूर्ण पुसून, किंवा मेलेली असेल तर आतल्या तबकड्या निकामी करून, ई-कचऱ्यात द्या. पण डिस्क वॉरंटीत असेल आणि बदलून घ्यायची असेल तर ती उघडू नका, उघडली की वॉरंटी जाते.